लॉजिकल रीझनिंगमधले जर-तर: बाण कसा काढायचा, कसा उलटवायचा

आमच्या अभ्यासिकेच्या दारावर पाटी होती: ‘ओळखपत्र असेल तरच प्रवेश.’ कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन मी एमबीए सीईटीची तयारी करत होते, त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका रविवारी दुपारी कार्ड गळ्यात अडकवून गेले, तर वॉचमन मामा दारातच खुर्ची टाकून बसलेले. ‘आज बंद. औषध मारलंय आत, ढेकणाचं.’ मी पाटीकडे बोट दाखवलं. ‘मामा, कार्ड आहे की माझ्याकडं.’ मामांनी तंबाखू मळता मळता पाटी वाचली आणि म्हणाले, ‘पोरी, कार्ड न्हाई तर आत न्हाई, एवढंच लिवलंय हितं. कार्ड हाय म्हंजे आत घेतलंच पायजे, असं कुठं लिवलंय?’

त्याच आठवड्यात मॉक टेस्टमध्ये जर-तरचे नऊ प्रश्न आले होते आणि त्यातले सहा मी चुकवले होते. घरी येऊन पेपर पुन्हा उघडला. सहाच्या सहा ठिकाणी मी तेच केलं होतं, जे दारात मामांपुढे केलं. क्लासच्या नोट्समध्ये हा भाग चार पानांचा होता, चिन्हांनी भरलेला. डोक्यात मात्र शिरला तो मामांच्या वाक्याने. तुम्ही नुकती सुरुवात करत असाल, तर त्या चार पानांच्या आधी हे वाचा.

हे कुठे लागतं आणि जवळ काय ठेवायचं

एमबीए सीईटी, कायद्याची क्लॅट, एमपीएससी आणि यूपीएससीचा सीसॅट, बँकांच्या परीक्षा. सगळीकडे हे प्रश्न वेगवेगळे कपडे घालून येतात. एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद, पण चुकलं तर गुण कापत नाहीत. क्लॅटमध्ये दोन तासांत १२० प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्न, २०० गुण, पास व्हायला ३३ टक्के, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक तृतीयांश गुणांची कात्री. गुण कापले जातात तिथे ‘वाटतंय तर खरं’ या भरवशावर गोल काळा करणं महागात पडतं. फॉर्म भरताना त्या वर्षीचं माहितीपत्रक तेवढं बघून घ्या, स्वरूप बदलत असतं.

सामान फारसं लागत नाही:

- पाठकोरे कागद. छापील वही नको. रफ कागदावर हात मोकळा चालतो.
- पेन्सिल आणि खोडरबर.
- मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका, शक्यतो परीक्षा घेणाऱ्यांनीच दिलेल्या. क्लासवाल्यांच्या प्रश्नांत कधीकधी उत्तरच चुकलेलं असतं आणि नवखा माणूस स्वतःला दोष देत बसतो.
- चुकांची वही. तिच्यात प्रश्न उतरवायचा नाही, चूक कुठल्या जातीची तेवढंच: ‘उलटा बाण’, ‘आणि-किंवा’, ‘बाहेरचं ज्ञान’.

१. वाक्यातला बाण शोधा

जर-तर वाक्याचे दोन तुकडे असतात. पहिला घडला की दुसरा ठरलेलाच. कागदावर अ → ब असं लिहा आणि मनात वाचा, ‘अ दिसला की ब आहेच.’ बाण उलट्या दिशेने वाचायचा नाही, आणि अ नसताना काय होतं याबद्दल हा बाण काहीही बोलत नाही. तिथे तो गप्प असतो, आणि आपल्याला नेमकं तेच सोसत नाही.

बाण म्हणजे कारण नव्हे, आधी-नंतरही नव्हे. ‘रस्ता ओला नाही, म्हणजे पाऊस पडलेला नसणार’ यात कोरड्या रस्त्याने पाऊस थांबवला असं कुणी समजत नाही. मराठीत असा उलटा निष्कर्ष बहुतेक वेळा ‘म्हणजे… नसणार’ असाच येतो. वाक्य तसं बोलून बघा, अडखळत असेल तर बाण चुकलाय.

२. ‘च’ कुठे चिकटलाय ते बघा

माझ्या मते सगळ्या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे जरा रेंगाळते.

ही दोन वाक्यं बघा. ‘सभासदांनाच पुस्तक घरी मिळतं.’ ‘सभासदांना पुस्तक घरी मिळतंच.’ अक्षरं जवळपास तीच, फक्त ‘च’ने जागा बदलली. पहिल्यात कुणाच्या घरी वाचनालयाचं पुस्तक दिसलं की तो सभासद हे नक्की: पुस्तक → सभासद. दुसऱ्यात कुणी सभासद आहे कळलं की त्याला पुस्तक मिळणार हे नक्की: सभासद → पुस्तक. ‘च’ अटीला चिकटला तर अट बाणाच्या टोकाला जाते. फळाला चिकटला तर फळ टोकाला जातं. थोडक्यात, ‘च’ ज्याला चिकटतो ते उजवीकडे.

आता नेहमी दिसणारे साचे.

- ‘अ असेल तर ब’, ‘अ असला की ब’, ‘जो जो अ तो तो ब’, ‘सर्व अ ब आहेत’, ‘ब साठी अ पुरेसा आहे’: या सगळ्यांचा बाण अ → ब.
- ‘अ असेल तरच ब’, ‘फक्त अ ला ब’, ‘अ शिवाय ब नाही’, ‘ब साठी अ आवश्यक’: इथे बाण ब → अ. आमच्या अभ्यासिकेची पाटी याच घरातली.
- ‘एकही अ ब नाही’: अ → ब नाही.
- ‘एक तर अ, नाहीतर ब’: अ नाही → ब.
- ‘अ असेल तर आणि तरच ब’: दोन्हीकडून बाण. हे सरळ असतं, इथे कुणी फसत नाही.

‘जोपर्यंत फी भरत नाही तोपर्यंत हॉल तिकीट मिळणार नाही’ हे वाक्य दुसऱ्या घरातलं. हॉल तिकीट मिळालं → फी भरली. फी भरली म्हणून हॉल तिकीट मिळेलच असं नाही. माझ्या मैत्रिणीचा फोटो अंधुक म्हणून फॉर्म परत आला होता, फी भरूनही.

पेपर इंग्रजीत असेल तर तीन गोष्टी पाठ करून टाका. ‘इफ’ ज्याच्या आधी येतो ते डावीकडे. ‘ओन्ली इफ’ ज्याच्या आधी येतो ते उजवीकडे. ‘अनलेस’ दिसला की मनात ‘इफ नॉट’ वाचा. आणि नुसता ‘ओन्ली’ व ‘द ओन्ली’ यांत गल्लत करू नका: ‘ओन्ली’च्या मागोमाग येतं ते उजवीकडे जातं, ‘द ओन्ली’च्या मागोमाग येतं ते डावीकडे. त्या एका ‘द’पायी मी दोन मॉक टेस्टमध्ये गुण घालवलेत.

३. उलटवा, पण दोन्ही कामं एकदम करा

काँट्रापॉझिटिव्ह या शब्दाला घाबरायचं कारण नाही. तुमच्या आजीला तो येतो. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण म्हणजे काँट्रापॉझिटिव्हच. सरळ बाजू अशी: पोहऱ्यात पाणी आलं → आडात पाणी आहे. उलटवताना दोन्ही तुकड्यांची जागा बदलायची आणि दोघांनाही नकार लावायचा: आडात नाही → पोहऱ्यात नाही. सरळ बाण खरा असेल तर हा उलटवलेला बाणही खराच. अर्थ एकच, फक्त वेगळ्या दारातून आत शिरलेला.

आता आडात पाणी आहे, एवढंच कळलं. पोहऱ्यात आलं का? दोर तुटलेला असेल, पोहऱ्याला भोक असेल, कुणी सोडलाच नसेल. काही सांगता येत नाही.

आकड्यांत बघायचं तर पंचगंगा बघा. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात हे आकडे कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगतं. ४३ च्या वर → ३९ च्या वर. अजून ३९ सुद्धा झालेलं नाही अशी बातमी आली, तर ४३ चा प्रश्नच मिटला: हा काँट्रापॉझिटिव्ह. ३९ ओलांडलं एवढीच बातमी आली, तर ४३ ओलांडलं का? ४० असेल, ४५ असेल. ४३ झालेलं नाही कळलं, तर ३९ ही झालेलं नाही? तेही सांगता येत नाही. चारही शक्यता या एका नदीत आहेत. परीक्षेत गोंधळ झाला की मी अ आणि ब खोडून तिथे ४३ आणि ३९ लिहायचे.

नकार म्हणजे विरुद्धार्थी शब्द नव्हे, हेही इथेच सांगते. ‘मिसळ तिखट नाही’ याचा अर्थ ‘मिसळ गोड आहे’ असा होत नाही. ‘सगळे आले’ याचा नकार ‘कुणीच आलं नाही’ नसून ‘निदान एक जण आला नाही’ एवढाच. पर्यायांत हे विरुद्धार्थी शब्द मुद्दाम पेरलेले असतात.

४. दोन खोटे नातेवाईक

एकच काम करून थांबलात की खोटा बाण तयार होतो. नुसती जागा बदलली तर ब → अ, हा व्यत्यास. नुसता नकार लावला तर अ नाही → ब नाही, याला इन्व्हर्स म्हणतात. मूळ बाणातून दोन्ही आपोआप निघत नाहीत. गंमत म्हणजे हे दोघे एकमेकांचे काँट्रापॉझिटिव्ह आहेत, म्हणून पर्यायांत दोघेही दिसले तर दोघेही एकदम खोडता येतात.

व्यत्यासाची खोड आपल्याला शाळेतच लागते असं मला वाटतं. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय आलं की पाठोपाठ त्याचा व्यत्यास, आणि तो खरा! प्रमेयामागून प्रमेय, व्यत्यास खरा निघत जातो आणि मनाची समजूत होते की वाक्य उलटं केलं तरी चालतं. मग हे घ्या: चौरसाचे कर्ण एकमेकांना लंब असतात. कर्ण लंब असलेला प्रत्येक चौकोन चौरस असतो का? समभुज चौकोनाचे कर्णही लंबच असतात.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे जुन्या न्यायशास्त्राच्या पंडितांनी, हे फार पूर्वी लख्ख मांडून ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर: हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, जसा मोठा जलाशय: हा व्यतिरेक, म्हणजे आपला काँट्रापॉझिटिव्हच. त्यांचा जलाशय डोळ्यांपुढे येत नसेल तर रंकाळा आणा. आणि ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं कुणी उलटं म्हणालं की ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करत: यात अग्नी आहे, दाखव धूर. व्यत्यास मारायला असा एक गोळा पुरतो. पर्याय तपासताना तुम्हीही स्वतःचा गोळा शोधा, म्हणजे बाण पाळूनही तो पर्याय खोटा ठरेल असं एखादं उदाहरण.

१९६६ मध्ये पीटर वॉसन या मानसशास्त्रज्ञाने लोकांपुढे चार पत्त्यांचं कोडं ठेवलं. आपल्या अक्षरांत ते असं: प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम, ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम पाळलाय का हे कळायला कुठले पत्ते उलटायचे? थांबा, उत्तर ठरवा, मग पुढे वाचा.

बहुतेक लोक अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. वॉसनच्या प्रयोगात ते दहातल्या एकालाही धड जमलं नव्हतं. ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

आता हेच मेसमध्ये आणा. ‘मटण घेणाऱ्याकडे कूपन असलंच पाहिजे.’ टेबलावर चौघं: एकाच्या ताटात मटण, एकाच्या वरण-भात, एकाच्या हातात कूपन, एकाकडे कूपन नाही. मेसवाल्या काकू कुणाला हटकतील? मटणवाल्याला आणि कूपन नसलेल्याला. क्षणाचाही विचार न करता. कोडं तेच आहे. म्हणून प्रश्नात कोरडी अक्षरं आली आणि डोकं चालेना, तर त्यांना मेसमध्ये नेऊन बसवा.

५. ‘आणि’ उलटला की ‘किंवा’ होतो

आत सोडलं → हॉल तिकीट आणि ओळखपत्र. उलटवल्यावर: हॉल तिकीट नाही किंवा ओळखपत्र नाही → आत सोडलं नाही. दोन्ही नसायची गरज नाही, एक विसरलात तरी दारातून परत.

शाहू स्टेडियमवरच्या सामन्याचा नियम समजा असा आहे: पाऊस आला किंवा हाणामारी झाली → सामना थांबतो. उलट: सामना थांबला नाही → पाऊस आला नाही आणि हाणामारीही झाली नाही. या अदलाबदलीला द मॉर्गनचे नियम म्हणतात. हे गृहस्थ १८०६ साली जन्मले ते आपल्या मदुराईत.

लांबलचक वाक्य फोडता येतं का तेही बघा. अ → (ब आणि क) याचे दोन सुटे बाण होतात. (अ किंवा ब) → क याचेही होतात. पण (अ आणि ब) → क फोडायचं नाही. तिथे दोघं मिळूनच काम करतात. तसंच ‘किंवा’ म्हणजे ‘दोन्ही नव्हे’ असं धरू नका, प्रश्नात तसं लिहिलेलं नसेल तर दोन्ही चालतात.

६. साखळी जोडा

एक पूर्ण प्रश्न करू. गल्लीतल्या तरुण मंडळाच्या बैठकीचे नियम:

अजित आला तर बबन येतोच.
केशव असेल तर बबन येत नाही.
केशव आला तरच दत्ता येतो.
एकनाथ आला नाही तर दत्ता येतो.

प्रत्येकाचा बाण आणि शेजारी उलटवलेला बाण, असं ओळीने लिहा:

अ → ब, उलट: ब नाही → अ नाही
क → ब नाही, उलट: ब → क नाही
द → क, उलट: क नाही → द नाही
ए नाही → द, उलट: द नाही → ए

आता एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जुळतं का बघा. अ → ब → क नाही → द नाही → ए. चार नियम एका दोरीत आले. हीच दोरी दुसऱ्या टोकाने: ए नाही → द → क → ब नाही → अ नाही.

‘अजित आला, तर नक्की काय?’ एकनाथ आला. ‘कोण दोघं एकत्र येऊच शकत नाहीत?’ बबन आणि दत्ता, ही एक जोडी. ‘जास्तीत जास्त किती?’ बबन आला तर केशव आणि दत्ता गळतात; नाही आला तर अजित गळतो, शिवाय बबन स्वतः नाहीच. दोन्हीकडे तिघंच उरतात. ‘बैठक रिकामी राहील का?’ नाही, कारण एकनाथ नसेल तर दत्ता आलाच, आणि त्याच्यामागे केशव.

फसवे पर्याय कसे असतील तेही बघून ठेवा. ‘एकनाथ आला म्हणजे अजित आला’ हा अख्ख्या साखळीचा व्यत्यास. ‘बबन आला नाही म्हणजे केशव आला’ याला तर कुठल्याच बाणाचा आधार नाही. बबन नसला की फक्त अजित नसतो. गावात तसं नेहमी घडत असेल, कागदावर नाही.

तीन किंवा जास्त नियम असतील तरच कागद ओढा. एका नियमाच्या प्रश्नाला चित्र काढत बसलात तर ४५ सेकंद त्यातच जातील.

७. उताऱ्याच्या प्रश्नांत लपलेला बाण

इथे बाण उघड दिसत नाही. ‘या गुऱ्हाळात गुळाला कुठलंही रसायन घालत नाहीत. म्हणून इथला गूळ फिकट पिवळा नसणार.’ प्रश्न: या निष्कर्षासाठी काय गृहीत धरलंय?

आधार आणि निष्कर्ष यांच्यामध्ये पडलेला खड्डा बाणाने भरा: रसायन नाही → फिकट पिवळा नाही. हे वाक्य जसंच्या तसं पर्यायांत मिळणार नाही. पेपर काढणारा ते उलटवून ठेवतो: ‘गूळ फिकट पिवळा असेल तर त्यात रसायन घातलेलं असतं.’ हेच उत्तर. त्याच्या शेजारी ‘रसायन घातलं की गूळ फिकट पिवळा होतो’ हा जुळा भाऊ बसवलेला असतो, आणि तो इन्व्हर्स आहे.

माझ्या काकांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. हा प्रश्न त्यांना घातला तर ते अर्धा तास ऊस, माती आणि काहिलीवर बोलले, उत्तर शेवटपर्यंत दिलं नाही. विषय जितका ओळखीचा तितका धोका जास्त. मार्केट यार्डातलं ज्ञान खरं असेल, पण प्रश्नात नसलेली गोष्ट वापरली की गुण गेले. दिलेलं विधान धडधडीत खोटं वाटलं तरी परीक्षेपुरतं खरं मानायचं.

८. ‘काही’ आणि ‘बहुतेक’

यांना बाण नाही, म्हणून काँट्रापॉझिटिव्हही नाही. ‘काही पैलवान शिक्षक आहेत’ हे फक्त उलटं वाचता येतं: काही शिक्षक पैलवान आहेत. ‘काही पैलवान शिक्षक नाहीत’ असा अर्थ आपोआप निघत नाही. ‘बहुतेक’ उलटंही वाचता येत नाही.

सराव

रोज पाच वाक्यं. पुस्तकातलीच हवीत असं नाही. पाट्या, सूचना, घरातली भांडणं, काहीही. आज ही चार घ्या, बाण आणि उलट बाण दोन्ही लिहा, मगच खाली बघा.

क) वर्गणी भरलेल्यांनाच मत देता येतं.
ख) धरण भरल्याशिवाय स्वयंचलित दरवाजा उघडत नाही.
ग) परीक्षा पास झाला किंवा वशिला लागला, तर नोकरी मिळते.
घ) दिवा आणि पंखा दोन्ही चालू असतील तर खोलीत कुणीतरी असतं.

उत्तरं. क) मत दिलं → वर्गणी भरली, वर्गणी नाही → मत नाही. ख) दरवाजा उघडला → धरण भरलं, भरलं नाही → उघडला नाही. ‘धरण भरलं, म्हणजे दरवाजा उघडलाच’ असं लिहिलं असेल तर चुकांच्या वहीत ‘उलटा बाण’ नोंदवा. ग) पास किंवा वशिला → नोकरी, नोकरी मिळाली नाही → पासही नाही आणि वशिलाही नाही. पास होऊन नोकरी नसलेली माणसं ओळखीची असतील तर ती इथे आणायची नाहीत. घ) दिवा चालू आणि पंखा चालू → कुणीतरी आहे, कुणीच नाही → दिवा बंद किंवा पंखा बंद. ‘दोन्ही बंद’ लिहिलं असेल तर पाचवी पायरी पुन्हा वाचा.